तीन जोड्या आणि एक चुकलेला रविवार: नव्याने केलेला सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो का?

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका जिल्ह्याच्या गावातल्या फिल्म सोसायटीचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. सोसायटीचे सभासद दीडशेच्या आतबाहेर, त्यातले नेमाने येणारे साठ-सत्तर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, एक प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि मध्यंतरात चहा. गेली चार वर्षं मी या सोसायटीची कार्यवाह आहे, त्यामुळे पुढे जे निर्णय येतात त्यातले बरेचसे माझे आहेत. चुकलेलेही.

वार्षिक सभेत तरुण सभासदांनी एक मालिका सुचवली. गाजलेला जुना सिनेमा आणि त्यावरून पुन्हा केलेला सिनेमा, अशा जोड्या दाखवायच्या आणि त्यावर बोलायचं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. सर उभे राहिले आणि म्हणाले, "नक्कल दाखवायला सोसायटी कशाला हवी? नक्कल टीव्हीवर रोज चालू असते. आपण अस्सल दाखवायला एकत्र आलो." सरांनी सोसायटीसाठी तीस वर्षं खुर्च्या उचलल्या आहेत. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. एका मुलाने उलट विचारलं, "सर, अस्सल कशाला म्हणायचं ते कोण ठरवणार?" सभेत थोडा आवाज चढला. शेवटी कार्यकारिणीने मालिका मान्य केली आणि आखणी माझ्यावर सोपवली.

अडचण नेमकी काय होती

पहिले पंधरा दिवस फक्त वाद ऐकण्यात गेले. ऐकता ऐकता लक्षात आलं की माणसं तीन वेगळ्या गोष्टी एकाच दमात बोलत होती. एक, मूळ कल्पना कोणाची आणि तिचं श्रेय दिलं का. दोन, दोन्हींपैकी सरस कोणता. तीन, नवा सिनेमा मुळाची काठी न धरता चालतो का. सरांचा राग पहिल्या गोष्टीवर होता, मुलांचा उत्साह दुसऱ्या गोष्टीत होता. मला तिसरी तपासायची होती.

श्रेयाचा प्रश्न किरकोळ आहे असं मी म्हणत नाही. अकिरा कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून (१९६१) सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) परवानगी न घेता केला. जपानी निर्मात्यांनी दावा लावला, आणि तडजोडीत त्यांना जागतिक कमाईतला पंधरा टक्के वाटा मिळाला. देणं होतंच, ते द्यावं लागलं. पण ते फेडल्यावरही तो सिनेमा उरतोच. धुळीतलं ते गाव, क्लिंट ईस्टवूडचं ते अर्धवट मिटलेले डोळे करून बघणं आणि त्यातून उभा राहिलेला 'वेस्टर्न'चा, म्हणजे काउबॉयच्या सिनेमाचा, एक नवाच घाट. कर्ज काढून बांधलेल्या घरातही माणसं राहतातच.

म्हणून कसोटी अशी ठरवली: ज्याने मूळ पाहिलेलं नाही असा माणूस नवा सिनेमा पाहून उठतो, तेव्हा त्याला कुठे काही हरवल्यासारखं वाटतं का? एखादं पात्र असं का वागलं हे कळायला त्याला बाहेरून काही सांगावं लागतं का? सांगावं लागलं, तर सिनेमा अजून मुळाच्या खांद्यावर बसलेला आहे.

ही कसोटी आजही मला पटते. ती राबवताना मात्र मी पहिल्याच दिवशी मोडली.

समोर असलेले पर्याय

आधी जोड्या निवडायच्या होत्या. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) ही जोडी सगळ्यांच्या तोंडी होती. ती मी बाजूला ठेवली, कारण बारा माणसं, एक खोली आणि एक खटला हा सांगाडा दोन्हीकडे इतका सारखा आहे की चर्चा नटांच्या तुलनेत अडकली असती. 'श्यामची आई'सुद्धा सुचवली गेली: आचार्य अत्र्यांची १९५३ची आणि २०२३मध्ये आलेली कृष्णधवल. पण दोन्ही साने गुरुजींच्या पुस्तकाकडे जातात, एक दुसऱ्यावरून निघालेली आहे असं म्हणता येत नाही. हे दोन भाऊ आहेत, बापलेक नाहीत. तीही गेली.

आमच्या एका इंजिनिअर सभासदाने 'सायको'चा आग्रह धरला. हिचकॉकचा १९६०चा सिनेमा गस व्हॅन सँटने १९९८मध्ये जवळजवळ दृश्यागणिक, तीच पटकथा आणि तेच संगीत घेऊन रंगीत केला. "हुबेहूब केला तर काय होतं ते दिसेल," तो म्हणाला. त्याचा मुद्दा खरा होता. तो सिनेमा पाहताना मला सारखं जाणवतं की इथे कोणी काही नव्याने ठरवत नाहीये. कॅमेरा इथे का, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी 'तिथे होता म्हणून' असंच येतं. पण आमच्या प्रेक्षकांसाठी या जोडीचं ओझं परकं होतं. मला अशा जोड्या हव्या होत्या ज्यांतला निदान एक सिनेमा आमच्या मातीतला असेल.

ठरल्या त्या तीन. 'द ब्ल्यू एंजल' (१९३०) आणि 'पिंजरा' (१९७२). 'बीवी और मकान' (१९६६) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). 'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८).

मग क्रमाचा प्रश्न. मूळ आधी दाखवायचं की नवं? एकाच संध्याकाळी की आठवड्याच्या अंतराने? तरुणांचं म्हणणं होतं की नवा सिनेमा आधी, म्हणजे डोळे कोरे राहतील. सर म्हणाले, "आई आधी, मग लेक. जगात हाच क्रम असतो." त्यांच्या वाक्यातला जोर मला भावला. शिवाय मुळाचा मान राखला तर सर मालिकेत मनाने येतील असाही विचार होता. मी मूळ आधी, तेही एकाच दिवशी, असं ठरवलं. आज मागे वळून पाहताना दिसतं की हा निर्णय मी सिनेमासाठी घेतलाच नव्हता, सभासदांमधली कटुता मिटावी म्हणून घेतला होता.

पहिला रविवार

दुपारी तीनला 'द ब्ल्यू एंजल' आणि चहानंतर 'पिंजरा'. जर्मन सिनेमाला इंग्रजी सबटायटल, आणि आमच्या बऱ्याच ज्येष्ठांना ती भराभर वाचता येत नाहीत. म्हणून मी मराठीत दोन पानांचा कागद तयार केला. पहिल्या पानावर जर्मन सिनेमाची गोष्ट. दुसऱ्या पानावर, आणि इथेच घात झाला, दोन्ही सिनेमांतल्या जुळणाऱ्या जागांची यादी. शिस्तीचा मास्तर. गावात आलेली गाणारी बाई. तिला रोखायला जाणं आणि तिथेच अडकणं. नोकरी, मान, नाव जाणं. कलावंतांच्या ताफ्यात हरकाम्या होणं. बरोब्बर सात जागा. मला वाटलं, लोकांना धागा सापडेल.

'द ब्ल्यू एंजल' लोकांनी फार मन लावून पाहिला. योझेफ फॉन स्टर्नबर्गचा हा सिनेमा बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. एमिल यानिंग्जचा प्रोफेसर राट आणि मार्लेन डीट्रिशची गायिका लोला लोला. सिनेमाच्या सुरुवातीला प्रोफेसर न्याहारीच्या वेळी पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ घालतो, उत्तर येत नाही, पाहतो तर पक्षी मेलेला. घर सांभाळणारी बाई तो उचलते आणि शेगडीत टाकते. पुढे लग्नाच्या जेवणात लोला कोंबडीसारखा आवाज काढते आणि हा आनंदाने कोंबड्यासारखा आरवतो. सगळे हसतात. वर्षं जातात. त्याच्याच गावात, त्याच्याच ओळखीच्या माणसांसमोर त्याला विदूषक म्हणून उभं करतात, डोक्यावर अंडी फोडतात आणि आरवायला सांगतात. तो आरवतो. तो आवाज ऐकून आमच्या हॉलमध्ये कोणी खुर्चीही हलवली नाही. शेवटी तो रात्री शाळेत शिरतो, आपल्या जुन्या वर्गात जातो आणि मेज घट्ट धरून प्राण सोडतो.

चहा झाला. 'पिंजरा' सुरू झाला आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मला कागदांची सळसळ ऐकू यायला लागली. लोक यादीवर खुणा करत होते. पेनाने, बोटाने. चंद्रकला गावात आली, खूण. गुरुजी तिला घालवायला निघाले, खूण. मागच्या रांगेतून हळू आवाजात "हे तिकडचंच" असं दोनदा आलं. डॉ. श्रीराम लागूंचा हा पहिला सिनेमा. त्यांचा चेहरा पडद्यावर कसकसा पालटत जातो हे पाहायचं सोडून लोक चोरीचा पंचनामा करत होते, आणि पंचनाम्याचा कोरा कागद मीच त्यांच्या हाती दिला होता.

चर्चेत पाऊण तास तेच. सात जागांपैकी किती जुळल्या. सर विजयी मुद्रेने बोलले असं मी म्हणणार नाही, ते खरोखर दुखावले होते. 'पिंजरा' त्यांनी तरुणपणी थिएटरात चार वेळा पाहिला होता. "इतकी वर्षं जे आपलं मानलं ते उसनं निघालं," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले.

घरी जाताना मला कळत होतं की आज मी एक चांगला सिनेमा माणसांच्या हातून काढून घेतला.

दुरुस्ती: तोच सिनेमा, कोरे डोळे

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. पुढच्या जोड्यांमध्ये क्रम उलटा, मध्ये एक आठवडा, आणि हाती कागद द्यायचा नाही. दुसरं म्हणजे 'पिंजरा' पुन्हा दाखवायचा, एकटा, आणि ज्यांनी 'द ब्ल्यू एंजल'चं नावही ऐकलेलं नाही अशांना.

गावात एक अध्यापक विद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या. त्यांनी उद्याचे शिक्षक होणारी चाळीसेक मुलं-मुली शनिवारी दुपारी हॉलवर आणली. गाणी सगळ्यांना ठाऊक होती, सिनेमा पूर्ण पाहिलेले हाताच्या बोटांवर. मी सरांना फोन करून सांगितलं, "सर, मागे बसून फक्त मुलांकडे बघा." ते आले.

सुरुवातीला मुलं गाण्यांवर गुणगुणत होती. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांची चाल, ते साहजिकच आहे. मग 'कशी नशिबानं थट्टा आज मांडली' सुरू झालं. हेही गाणं त्यांना पाठ होतं, पण गुणगुणणं आपोआप थांबलं. सुधीर फडक्यांचा तो आवाज त्यांनी आजवर रेडिओवर ऐकला होता. आता त्या आवाजाखाली ज्या हाताने फळ्यावर सुविचार लिहिले तो हात त्यांना दिसत होता, तुणतुणं धरलेला. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने पाय खाली घेतले आणि सरळ बसला.

या खेळानंतरच्या चर्चेत जर्मनीचा विषय निघण्याचं कारणच नव्हतं. मुलं बोलली ती पुतळ्याबद्दल. गावाचा समज होतो की गुरुजींचा खून झाला, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि खरा माणूस तमाशाच्या फडात निनावी जगतो. शेवटी त्याच्यावर आळ येतो तो गुरुजींच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच खुनाचा. तो खरं सांगत नाही. सांगितलं तर पुतळा पडेल, गावाने जे धरून ठेवलंय ते पडेल. तो फाशी पत्करतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याने बरोबर केलं का? गाव एका खोट्यावर उभं राहिलं ना मग." दुसरा म्हणाला, "पण खरं सांगून शाळा बंद पडली असती." वीस मिनिटं त्यांचा आपापसात वाद झाला आणि त्यात कोणालाही बाहेरून काही सांगावं लागलं नाही.

सर मागून उठले. ते मुलांना काही बोलले नाहीत. खाली जिन्यात मला म्हणाले, "ताई, एक लक्षात आलं. तिकडचा मास्तर वर्गात येऊन मरतो. तो आपल्या मेजासाठी रडतो. आपला मास्तर मरताना स्वतःसाठी काहीच मागत नाही. तो गावाचा मास्तर म्हणून मरतो. हा वेगळा माणूस आहे."

त्या एका वाक्यात माझ्या सात खुणांच्या यादीचं उत्तर होतं. दोन्ही सिनेमे अर्ध्या वाटेपर्यंत सोबत चालतात. व्ही. शांतारामांचा सिनेमा जिथे वाट सोडतो तिथे त्यांना स्वतःचं काही विचारायचं आहे: माणूस घसरला तर त्याने शिकवलेलं खोटं ठरतं का? १९३०च्या जर्मन सिनेमाला हा प्रश्न पडलेला नाही. त्याचं लक्ष माणसाच्या लाजेवर आहे आणि ती लाज तो निर्दयपणे शेवटपर्यंत दाखवतो. आपल्याकडे गुरुजी हा गावाचा असतो, म्हणून आपल्याकडे त्याच्या पडण्याचा हिशोब गावाशी मांडावा लागतो. शांतारामांनी मांडला. शंकर पाटलांच्या संवादांतली बोली, वगाचा बाज, फड हे सगळं त्या हिशोबाला जागा देतं. नुसती वेशभूषा बदलून हे आलं नसतं. मला आणखी एक गोष्ट हलवून गेली: जर्मन सिनेमा मेलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यापासून सुरू होतो आणि आपल्या सिनेमाचं नावच 'पिंजरा' आहे. ही जागा माझ्या यादीत नव्हती.

दुसरी जोडी, आणि एक अनपेक्षित गोष्ट

'अशी ही बनवाबनवी'साठी कोरे डोळे कुठून आणायचे? महाराष्ट्रात ते मिळत नाहीत. हॉल खच्चून भरला, लोक नटांच्या आधी संवाद म्हणत होते. 'सत्तर रुपये वारले'ला तर अशोक सराफांचं तोंड हलताना दिसलं, आवाज आमच्या हॉलचाच होता.

खरी गंमत पुढच्या रविवारी झाली. हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' लावला. हेमंत कुमारांचं संगीत, गुलजारांची गाणी, महमूद, विश्वजित. भाड्याची खोली हवी, घर मिळायला बायको हवी, म्हणून मित्रच बायका होतात. गोष्ट तीच, बावीस वर्षं आधीची. आणि प्रेक्षक काय करत होते? थांबून राहत होते. आता सरपोतदार येतील, आता लीलाबाई काळभोर येतील, आता पार्वतीबाई तोंड उघडतील. ते कोणी येत नव्हतं. एक काकू मध्यंतरात म्हणाल्या, "बरा आहे हो, पण आपल्यावरून घेतलाय, त्यात काही काही सोडून दिलंय." त्यांना साल सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या.

त्या काकूंची चूक झाली असं मला वाटत नाही. त्यांनी आम्हाला सांगितलं की माणूस जे आधी मनापासून पाहतो तेच त्याच्यासाठी मूळ ठरतं. पहिल्या रविवारी 'पिंजरा'वर जो अन्याय झाला तोच इथे हृषिदांच्या सिनेमावर झाला, फक्त उलट्या बाजूने. आठवड्याचं अंतर ठेवूनही.

तरी 'बनवाबनवी' उभा आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि का उभा आहे हेही बघण्यासारखं आहे. वसंत सबनीसांनी गोष्ट पुण्यात आणली म्हणजे फक्त पाटी बदलली नाही. विश्वास सरपोतदार हा घरमालक सुधीर जोशींनी असा उभा केला की पुण्यात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला तो आपला घरमालक वाटतो. सबनीस 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, लोकनाट्यात बाईच्या वेशातल्या पुरुषाने किती ताणायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांच्या हाडीमाशी होतं. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि सचिन यांची सुधा ही त्या परंपरेतली पोरं आहेत.

तिसरी जोडी

इथे वाद होणार हे माहीत होतं. 'सैराट' आमच्याकडे प्रत्येकाने पाहिलेला, काहींनी तिकीट काढून तीनदा. पण गावातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात परराज्यांतले विद्यार्थी आहेत. त्यांतल्या सहा जणांनी 'सैराट' पाहिला नव्हता. त्यांना आधी 'धडक' दाखवला, आमच्याच हॉलमध्ये, बाकीच्या सभासदांना त्या दिवशी न बोलावता. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो. सभासद असते तर पहिल्या गाण्यालाच पुटपुट सुरू झाली असती.

सहापैकी झारखंडहून आलेली एक मुलगी शेवटी खूप रडली. तिच्यापुरता 'धडक' उभा राहिला होता, आणि हे मी नोंदवून ठेवलं कारण ते माझ्या अंदाजाविरुद्ध होतं. दोघांना गाणी आवडली. पण एकाने हिंदीत विचारलं, आणि त्याच्या विचारण्यात खोट नव्हती: इतकी वर्षं झाल्यावर, मूल झाल्यावर भाऊ येऊन का मारतो? इतका राग कुठून आला? बाकीच्यांनी उत्तरं दिली: राजकारण, घराण्याची इज्जत, बापाची निवडणूक. ती सगळी सिनेमात आहेत. जातीचा उल्लेखही ओझरता आहे. पण तो उल्लेख त्या मुलाच्या अंगावर आलेला नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी 'सैराट' पाहिला, सबटायटलसह. वर्गात पाटलाचा मुलगा नव्या मास्तरांच्या थोबाडीत मारतो ते दृश्य आलं, सिनेमाच्या पूर्वार्धात, हसण्याखेळण्याच्या दिवसांत. तो प्रश्न विचारणारा मुलगा तिथेच पुढे झुकून बसला. खेळ संपला. पडद्यावर लहान मुलाची रक्ताळलेली पावलं बाहेर जातात आणि आवाज पूर्ण गेलेला असतो. दिवे लावायला मी उठलेच नाही. नंतर झारखंडची ती मुलगी म्हणाली की 'धडक'मध्ये शेवटी धक्का बसला, पण यात तिला पहिल्यापासून भीती वाटत होती, प्रेमाच्या गाण्यातसुद्धा.

नागराज मंजुळेंचा सिनेमा करमाळ्याच्या मुलखातला. तिथे विहीर कोणाची, ऊस कोणाचा, मास्तर कोणत्या जातीचा हे पोरासोरांना ठाऊक असतं आणि कॅमेऱ्यालाही ठाऊक आहे. उदयपूरच्या तळ्याकाठी गोष्ट नेताना हे ज्ञान मागे राहिलं. राजस्थानात जात नाही असं कोण म्हणेल? तिथली जात शोधून तिथलं काही मांडता आलं असतं. 'धडक'ने शेवटही बदलला: तिथे नवरा आणि मूल मारलं जातं, ती उरते. बदल मोठा आहे. पण तो बदल धक्का वाढवतो, प्रश्न बदलत नाही. शांतारामांनी शेवट बदलला तेव्हा अख्ख्या सिनेमाचा अर्थ फिरला होता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, आणि तो फक्त दोन्ही जोड्या एकापाठोपाठ पाहिल्यामुळे हाती लागला.

निष्पत्ती

मालिका संपल्यावरच्या सभेत मत घेतलं नाही, मुद्दाम. सरांनी 'धडक'बद्दल आपलं मत तसूभर बदललं नाही. 'पिंजरा' मात्र त्यांना परत मिळाला, असं त्यांनीच सभेत सांगितलं. तरुण सभासदांपैकी दोघांना वाटतं की परराज्यातली सहा मुलं हा काही पुरावा नव्हे, आणि ते बरोबर बोलतात. सहा माणसांवरून सिनेमाचा निकाल लागत नाही. मला त्यांच्याकडून निकाल नको होता. सिनेमा कुठे अडखळतो ती जागा दाखवणारं कोणी हवं होतं, ती त्या एका मुलाच्या प्रश्नाने दाखवली.

अध्यापक विद्यालयाने 'पिंजरा' पुढच्या तुकडीसाठीही मागितला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सात खुणांचा तो कागद मी देणार नाही. जर्मन सिनेमासाठी गोष्ट मराठीत सांगायला हवीच, पण एकच पान, आणि त्यावर दुसऱ्या सिनेमाचं नावही नको. जुळणाऱ्या जागा शोधायला शिकवलं की माणूस त्याच शोधतो. शोधायची असते ती वाट सोडण्याची जागा, आणि ती प्रेक्षकाला स्वतः सापडू द्यायला हवी.

क्रमाच्या बाबतीत सरांचं मन राखायच्या ऐवजी मी त्यांना कारण सांगायला हवं होतं. ते मास्तर आहेत, कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. मी गृहीत धरलं की ते ऐकणार नाहीत. त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली, सहा दिवस ते आपला आवडता सिनेमा उसना समजून बसले.

'बीवी और मकान'साठी मी काय वेगळं केलं असतं हे अजून नीट सुचलेलं नाही. कदाचित तो सिनेमा जोडीत लावायलाच नको होता. वर्षभरात केव्हातरी हृषिकेश मुखर्जींचा सिनेमा म्हणून, त्यांच्या इतर सिनेमांच्या सोबतीने दाखवला असता तर लोकांनी त्यात सरपोतदार शोधले नसते. त्या सिनेमाचं आमच्याकडे एक देणं राहिलंय. ते पुढच्या पावसाळ्यात फेडायचं ठरवलं आहे.

पुढच्या वर्षाची यादी मागवली तेव्हा सरांनी वहीच्या कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक जोडी लिहून दिली. वरच्या ओळीत 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', खालच्या ओळीत 'योजिम्बो', आणि मध्ये कंसात: आठ दिवसांनी.